मॅक्फीबाईंचा डबा

नाही काका, नोटीस दिली नाही असं नाही — दिली, म्हणजे पोचली — तुम्ही आधी बसा ना. हे घ्या, शॉर्टब्रेड, मॅक्फीबाईंनी स्वतः केलंय. घ्या, एक घेऊन काही होत नाही. तर तुम्ही विकत घेतलेल्या त्या फार्मवर, बाई राहतात तिथे, पहिल्या दिवशी मी गेलो तो नोटीस खिशात घालूनच गेलो, शपथ. पण चित्राकाकू म्हणाल्या, कुणाकडे रिकाम्या हाताने जाऊ नकोस, चकल्या ने. नेल्या. आता हातात चकली देऊन लगेच ‘घर खाली करा’ कसं म्हणायचं? मला साधं हॅलो म्हणताना घाम फुटतो. तुम्ही छापून दिलेलं कार्ड तेवढं पुढे केलं — ईश्वर, इस्टेट मॅनेजर — तर बाई इतक्या हसल्या की कवळी धरावी लागली! म्हणाल्या, त्यांचे पणजोबा स्कॉटलंडमध्ये लहान होते, तेव्हा असाच एक मॅनेजर आला होता, जमीनदाराचा. मेंढ्या पाळायच्या होत्या म्हणून अख्खं गाव उठवलं. मी म्हटलं, अरेरे. मग आठवलं — आपल्यालाही मेंढ्याच पाळायच्यात.

छे, मी कशाला सांगू त्यांना? म्हणजे — सांगितलं. विचारलं त्यांनी, खोटं कसं बोलू? अजून एक घ्या.

मग डबा परत आला तो स्कोन्स भरून. आणि भरून आलेला डबा रिकामा पाठवायचा नाही, हे काकूंचं. लाडू गेले. तिकडून जॅम आला. इकडून शंकरपाळे. सात खेपा झाल्या काका, विंटर टायर झिजले ते त्यातच. हो, त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ मीच फावड्याने शोव्हल केला — नोटीस द्यायला दारापर्यंत पोचायला नको? आणि छपराचं... ते जाऊ दे, दोनच पत्रे होते.

शेवटी मी युक्ती केली. तोंडाने जमत नाही ना, मग नोटीस डब्यातच घातली, तळाला, वरून चिवडा. चिवडा संपला की कागद आपोआप दिसणार! नववीत शाळा सोडली म्हणून काय झालं? पण काकू करंज्यांखाली कागद घालतात ना, तसाच वाटला असणार त्यांना. आज शॉर्टब्रेडच्या खाली तोच कागद, बटर पिऊन पार आरपार दिसतोय. तुम्ही खा, तळ लागला की दिसेलच. हां, तीच. उलटी करा, पाठीमागे पेन्सिलने लिहिलंय. मी वाचू?

‘डिअर सूर्यकांत, कागद मिळाला. त्या जुन्या मॅनेजरने आमच्या घरी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, म्हणून त्याला जमलं. तुमचा हा मुलगा सात वेळा जेवून गेला. त्याला पुन्हा पाठवू नका, तो दारात रडतो. शनिवारी तुम्ही या आणि मला हे मोठ्याने वाचून दाखवा. चहा चार वाजता.’

रडलो नाही हो. थंडीने डोळ्यांत पाणी येतं. माझ्या पीआरला, इथे कायमचं राहायच्या परवानगीला, तुमचं पत्र लागतं, माहितेय मला — नाही दिलंत तर मी परत जाईन, शपथ, काही बोलणार नाही. पण काका, डबा बघा. मी एकही तुकडा घेतला नाही. तुम्हीच संपवलात. आणि किचनमधून वास येतोय ना? काकूंनी बेसन भाजायला घेतलंसुद्धा.

शनिवारी तीनला गाडी काढतो. डबा तुम्ही मांडीवर धरा.

मी? मी गाडीतच बसेन.