आपली प्रकृती कशी आहे

...आणि वर मलाच म्हणतो, भाषेची मर्यादा पाळावी! आता तुम्हीच सांगा, उभी हयात पत्रा ठोकायच्या खात्यात घालवलेल्या माणसाला कसली मर्यादा? आवाज असा, की तिथे नावानं हाक मारली तर कुणी मान वळवायचं नाही. पण शिवी हासडली, की माणूस आधी हात मागे घ्यायचा आणि मग कोण ते बघायचा! ही दहाही बोटं दिसतायत ना? शेजारच्या मशीनवरच्या जाड्यानं वेळेवर घातलेल्या शिवीची कृपा. माझा जिवाभावाचा दोस्त तो. उलट साहेब गोड आवाजात 'अहो, जरा येता का' म्हणाला, की समजायचं, घरी बसवणार.

तर निवृत्तीनंतर आम्हा सगळ्यांचा, घरच्यांसकट, मोबाइलवर ग्रुप झाला. रोज सकाळी मी जाड्याला एक शिवी घालायचो, तो मला दोन. म्हणजे दोघंही जिवंत! पण ग्रुपचा ॲडमिन कोण, तर आमचा टाइमकीपर. तेव्हा उशीर धरायचा, आता शब्द धरतो. म्हणाला, ग्रुपात लेकीसुना आहेत, एकानं भांडणात एका बाईंना नको नको ते लिहिलं, त्या रडत निघून गेल्या, तेव्हा यापुढे शिवी दिसली की मेसेज उडणार. भाषेची मर्यादा पाळावी. बाईंचं ऐकून मलाही वाईट वाटलं हो, टाइमकीपरचं चुकलं असं कोणत्या तोंडानं म्हणू? पण ती शिवी आणि माझी शिवी एकच का?

आणि नेमका तेव्हाच जाड्या हॉस्पिटलात. घशात नळी, बोलणं बंद, बायकोशिवाय भेटायला कुणाला सोडत नाहीत, नुसता मोबाइल बघत पडलेला. मी शिवी लिहिली... उडाली. पुन्हा लिहिली... उडाली! टाइमकीपर म्हणतो, आता लिहिलीस तर तुलाच काढीन. मला त्या मोबाइलमधलं त्या ग्रुपापलीकडे काही म्हणता काही येत नाही. तिथूनच काढलं, तर जाड्याशी बोलू कुठून? घाबरलो. आणि लिहिलं, मर्यादा पाळून, 'आपली प्रकृती कशी आहे? काळजी घ्यावी.'

पुढचं वहिनींनी सांगितलं. जाड्यानं ते दोनदा वाचलं आणि त्यांना कागदावर लिहून दाखवलं, "हा मला आपण म्हणतोय. डॉक्टरनं याला सांगितलेलं दिसतंय." मोबाइल उशीखाली सारला, तो पुन्हा काढलाच नाही. दोन दिवसांत गेला हो... तो जगणार नव्हताच, वहिनींना ठाऊक होतं, पण त्याच्यापासून लपवलं होतं सगळ्यांनी. त्याला कळवलं कुणी? मी! मान देऊन!

परवा टाइमकीपरचा फोन. रडत होता. म्हणाला, "जाड्यासाठी आज नियम बंद ठेवलाय. काय लिहायचं ते लिही."

घेतला मोबाइल. बसलो. आणि काय सांगू तुम्हाला, जन्मभराची शिवी, बोटावर येईना! तो समोर नाही, तर घालू कुणाला? शेवटी लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली.'

राहिलं हो जागच्या जागी. एक अक्षर उडालं नाही.