जे ओरडलं नाय

चारच हायत, पाव्हणं. कितीदाबी मोजा, चारच भरतील. टोपली उचकटू नका, भुरी अंगावर येईल — कुत्री हाय ती, तिला काय ठाव तुमी आमच्या रुपालीचे सासरे. तुमी सोताला ठरवून ठेवलेलं ना? कपाळावर पांढरा टिपका होता ते? ते मेलं. मेलं म्हणजे मेलं, त्याला दुसरा शब्द कुठून आणू. आज चोवीस दिस झाले. त्या फणसाच्या बुडाशी पुरलंय, वर दगड ठेवलाय, बघायचं असेल तर बघून या. नाय ना? मंग बसा. चहा घ्या, गार होतोय. नि तुमी आल्यापासून मी सारखी वळणाकडं का बघत होते तेबी सांगते — मला वाटलं तुमी पुढं आलात, मागून माझी पोर येतेय. सातवा महिना सरत आला तिचा, पिशवी घेऊन दमानं चालत असेल. लुगडं झटकून उभी राहिले मी. तर तुमच्यामागं कोण नाय, नि तुमच्या हातात रिकामी गोणी. पिल्लू न्यायला आलात तुमी.

कळवलं का नाय म्हणता. त्याचं सांगते नंतर, तेबी सांगायचंच हाय. पण आधी हे — तुमी आता तोंडातल्या तोंडात बोललात ना, 'नीट लक्ष दिलं नसेल' म्हणून, ते मी ऐकलं. कान शाबूत हायत माझे. लक्ष कुणी दिलं नाय? आठवा जरा. महिन्यामागं म्हश्याच्या जत्रेवरून इकडं वाट वाकडी करून आलात. बैल काय घ्यायचा नव्हता तुमाला, पण दिवसभर लोकांच्या बैलांचे दात बघून आलेलात, त्याच तोऱ्यात होतात. पिल्लं तीन दिसांची. डोळे बंद, मुठीत मावतील एवढी. मी नको-नको बोलतेय तोवर तुमी एकेक मानगुटीला धरून वर उचलायला लागलात. पयलं कुईकुई करायला लागलं, ठेवलंत. दुसऱ्यानं तर अख्खी वाडी गोळा केली. तिसरं, चौथं, तीच गत. नि पाचवं उचललंत ते नुसतं लोंबकळलं. आवाज नाय, हालचाल नाय. तुमी आमच्या ह्यांना बोललात — 'चंदरराव, जे ओरडत नाय ते पिल्लू कुणाला भिणार नाय. भेंडीच्या मळ्यात डुकरं शिरतात, मला हेच पायजे.' शेजारची बाईजा बसलेली, तिच्या सुना बसलेल्या, सगळ्यांनी माना हलवल्या. फोनवर फोटो काढलात त्याचा.

नि मला माहीत होतं. आता लपवून काय करू — मला तवाच माहीत होतं. पाचही पिल्लं मी भुरीच्या उशाला बसून बघितलीत. ते सगळ्यात शेवटचं. भुरीनं चाटलं, नि नाकानं बाजूला लोटलं. मी उचलून आचळाला लावलं, सुटलं. परत लावलं, परत सुटलं. बाकीची चार त्याच्या अंगावरून चढून प्यायची. ते ओरडलं नाय कारण त्याला ओरडायला दमच नव्हता, पाव्हणं. ज्यांना तुमी भित्री म्हणून खाली ठेवलंत ना, त्यांच्या अंगात दूध होतं, म्हणून ती ओरडली. एवढं मला समोर दिसत होतं, नि मी गप बसले. का बसले? तुमी व्याही म्हणून. मोठ्या माणसाला चार लोकांत कसं बोलायचं, 'तुमचं चुकलं' म्हणून. आणि — लाज वाटते सांगायला — मला बरं वाटलं. माझ्या घरातल्या एका जिवाला तुमी चांगलं बोललात, ते बरं वाटलं. मनात बोलले, चार दिसांत अंग धरेल, कुणाला कळतंय.

मंग काय, लागले त्याच्या मागं. तुमी ह्या वाटेनं खाली उतरलात नि मी शेळीखाली बसले. कापसाची वात करायची, दुधात बुडवायची, तोंडात पिळायची. एक थेंब आत, दोन थेंब हनुवटीवरून खाली. ह्यांचं फाटकं बनियन घेतलं, त्यात गुंडाळून चुलीच्या कडेला ठेवायचं, चूल विझली की पोटाशी धरून बसायचं. थंडी कसली होती त्या आठवड्यात, तुमच्याकडंबी पडलीच असेल. भात टाकायच्या आधी त्याला, शेळ्या सोडायच्या आधी त्याला. हे बोलायचे, 'रुपालीलाबी एवढं केलं नव्हतंस.' बाईजा बोलली, 'जना, आईनंच टाकलंय त्याला, तू कशाला धरून ठेवतेस?' मी दोघांवर ओरडले. पाचव्या-सहाव्या दिशी वात ओढायला लागलं ते, माझ्या बोटाला ओढ लागायची. एवढीशी ओढ. पण होती.

नि मंग तुमचा निरोप आला. वाडीतला पोऱ्या किन्हवलीला भेटला होता तुमाला, त्याच्याकडं निरोप — 'पिल्लू जरा लवकर न्यावं म्हणतो, डुकरांनी उच्छाद मांडलाय.' मी बघितलं त्याच्याकडं. बाकीची फुगून टम्म झालेली, नि हे काडी. हे असलं तुमच्या हातात कसं देऊ? बोलले, जरा पोट भरू दे त्याचं. वात टाकली, चमचा घेतला. नववा दिस होता, डाव्या डोळ्याला बारीक फट पडलेली, दोन दिसांत उघडला असता डोळा. चमच्यानं घातलं, गिळलं. परत घातलं. तिसऱ्यांदा घातलं नि दूध नाकातून आलं. उलटं केलं, पाठ चोळली, तोंडानं ओढलं. हां, तोंडानं, कुत्र्याचं नाक तोंडात घेऊन. कसला आवाज नाय. जाताना तरी माणूस हुंदका देतं, ह्यानं तेबी केलं नाय. म्हणून तुमी 'नीट लक्ष दिलं नाय' बोललात ना, ते माझ्या जिव्हारी लागलं. लक्ष जास्तच दिलं मी. घाई केली. तुमच्यासमोर मान खाली जाऊ नये म्हणून एका मुठीयेवढ्या जिवाला भरवून मारलं मी. घ्या, आता ऐकलंत.

नको, सांत्वन नको. 'एक गेलं, चार हायत' — हे आमच्या घरात बोलून झालंय. त्याच दिशी बोलले हे, फणसाखाली खड्डा काढता काढता. मी घमेलं फेकलं त्यांच्या अंगावर. चार हायत ते मलाबी दिसतंय. मेलंय ते पाचवं मेलंय, त्याचं काय करायचं ते सांगा की. अजून पहाटे उठते मी. उठून शेळीखाली बसते, वाटीत दूध काढते, नि मंग ध्यानात येतं. एकदा तर वातबी वळून झालेली. ते दूध टाकवत नाय, भुरीपुढं ठेवते. आणि भुरी — स्वतः लोटलं होतं तिनं त्याला, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय — तीच दोन दिस फणसाखाली जाऊन वास घेत बसली, माती उकरायला लागली. म्हणून तो दगड. मी काठी उगारली तिच्यावर, बोलले, आता कशाला आलीस, जित्तं होतं तेवा कुठं गेलेलीस. नि मंग काठी टाकून तिच्याच बाजूला बसले. तिला बोलून काय होणार, मीबी कुठं शहाणी.

काय? काय बोललात?

नाय, परत बोला. 'आमची सून बघा, पोटुशी हाय तरी भेंडीच्या तोड्याला सगळ्यांच्या पुढं, हूं नाय की चूं नाय.' मला गप करायला बोललात ना हे? जना फार बोलते, तिची पोर बघा कशी गुणी. बरं. आता कळवलं का नाय ते सांगते, ऐका. दर रविवारी रुपाली फोन करते. मी टाकीपाशी जाऊन उभी राहते, तिथंच रेंज येते. पयला सवाल तिचा काय, तर 'आई, पिल्लू कसं हाय?' घरातलं काय नाय, बापाचं काय नाय, पिल्लू. माहेरचं कायतरी तिच्या दारात राहील म्हणून नाव ठरवून बसलीय, गोट्या. तर मेल्यावर तीन दिसांनी आला तिचा फोन. मी काय बोलले? बोलले, 'बरं हाय गो.' पोटुशी पोरीला कशाला सांगायचं, दूर हाय, एकटी हाय, रडेल. नि मी विचारलं, 'तू कशी हायेस?' तर ती बोलली, 'बरी हाय.' माझं पिल्लू मातीत, नि माझ्या तोंडातून 'बरं हाय' किती सरळ निघालं. मंग तिच्या तोंडातलं 'बरी हाय' कसलं?

तो धरून तीन रविवार झाले. दर रविवारी ती बरी, पिल्लू बरं. एकदा चुकून बोलून गेली, 'गोळ्यांनी मळमळतं.' कसल्या गोळ्या, तर रक्ताच्या. आशाताईनं दिल्या, रक्त कमी हाय म्हणाली. 'बरी हाय गो आई मी.' तुमाला ठाव होतं का, पाव्हणं, तिचं रक्त कमी हाय ते? नव्हतं ना. मी मानते, नव्हतं. तुमी वाईट माणसं नाय, मारत नाय, उपाशी ठेवत नाय. ती सांगत नाय नि तुमी विचारत नाय. पयाटं उठून वाकून भेंडी तोडते, हाताला खाज सुटते, डोक्यावर पाटी घेऊन रस्त्याला येते, नि तुमी लोकांना सांगता, आमची सून वाघीण हाय.

पण तुमाला तरी काय बोलू. तुमी बघायला आलात तेवा मीच बोलले होते, ह्याच ओट्यावर — 'पोर कदी तोंड वर करून बोलणार नाय, उपाशी असली तरी सांगणार नाय.' केवढ्या तोऱ्यात बोलले. सात वर्साची असताना विंचू चावला होता तिला, लाकडं उचलताना. दात खाऊन गप बसली, संध्याकाळी पाय सुजला तेवा कळलं आमाला. मी काय करावं? जवळ घेऊन 'रड गो' म्हणावं की नाय? मी वाडीभर सांगत फिरले, माझी पोर रडली नाय. तिनं ते ऐकलं. मंग ती कदी रडलीच नाय, लग्नातबी नाय. तुमी मानगुटीला धरून बघितलंत नंतर, पाव्हणं. न ओरडायला शिकवलं मी.

काय? दहा दिस? तोडा संपला की पाठवता? हे संक्रांतीलाबी बोललात. त्याच्या आधी दिवाळीनंतर पाठवणार होतात. नाय. आता दहा दिस नाय नि दोन दिस नाय. ही चार पिल्लं हितंच राहतील, मोठी झाल्यावर कुणाला द्यायची ते मी बघीन, तुमाला कुठलंच देणार नाय, गोणी तुमची घडी करून ठेवा. म्हश्याची गाडी साडेअकराला वळणावर येते. मी लुगडं बदलते, ह्यांची भाकरी झाकून ठेवते. मुरबाडहून सरळगाव, तिथून तुमच्या घरी, तीन वाजेतो पोचू. मळ्यात असेल ना ती? मी बांधावर उभी राहीन नि विचारीन, कशी हायेस. ती 'बरी हाय' बोलेल. तेवा तुमी मधी बोलायचं नाय, विहीणबाईंनी बोलायचं नाय, जावईबापूंनी बोलायचं नाय. मी तिची खालची पापणी ओढून बघीन, आत लाल हाय का पांढरी, नि सांजच्या गाडीनं तिला घेऊन निघीन. पिल्लाचंबी मीच सांगीन तिला, तिथंच बांधावर. रडली तर रडू द्या. थांबवू नका कुणी.

उठा आता. कप ऱ्हाऊ द्या तिथंच. नाय पाव्हणं, काय एक बोलू नका. चला.