बारा डब्यांचं कुलूप

त्या दिवशी साढूभाऊचं तोंड पाहायले तुम्ही पाहिजे होते बाप्पा!

क्रिप्टो घ्यायचं ठरलं तेव्हाच ते मले म्हणाले होते, "कंपनीच्या एक्स्चेंजवर ठेव गा. पासवर्ड विसरला तर कस्टमर केअर आहे. बिनकंपनीच्या एक्स्चेंजवर सारी चाबी तुह्याजवळ. वॉलेट उघडायचे बारा शब्द भेटतात, ते हरवले का खेल खतम!"

मी म्हटलं, माह्या पैशाची चाबी माह्याच घरी राहीन.

सासूबाईचं काटोलले भांड्याचं दुकान आहे. भांड्यावर नाव कोरायच्या मशीननं त्यांनी आमच्या बारा डब्यांच्या बुडाले एकेक शब्द कोरून देला. सगळ्यात मोठा डबा पहिला, सगळ्यात लहान बारावा.

यंदा कूलरमध्ये पाणी भरता भरता मोबाईल टाकीत पडला. क्रिप्टोचं वॉलेट त्याच्यातच! साढूभाऊ हासून राहिले, "लाव आता फोन कस्टमर केअरले!"

मी नवा मोबाईल घेऊन सैपाकघरात बसलो. सासूबाई आल्याच होत्या, त्या एकेक डबा उचलून शब्द दाखवत गेल्या. तांदळापासून जिऱ्यापर्यंत अकरा शब्द भेटले. बारावा डबाच गायब!

साढूभाऊ तर खूश. हासता हासता त्यांनी खिशातून सुपारीची डबी काढली.

सासूबाई पाहतच राहिल्या. "जावईबापू, हे डबी याच सेटातली दिसते, सुपारी भरून इथूनच नेली असन. उलटी करा बरं."

सुपारी सांडली, शब्द भेटला, वॉलेट उघडलं. सारं जागच्या जागी!

मी म्हटलं, "भाऊ, माह्यं कस्टमर केअर तर तुमच्याच खिशात होतं!"