भिंत कुठे पळून जाते

(मसाकाजवळचं एक गाव. अंगणातली चुलीची खोली. भिंतीचा चुना अजून ओला. म्हातारा वालुसिंबी आणि त्याची मुलगी नाक्कू.)

नाक्कू : बाबा, ठेवा तो चमचा! हात बघा, सगळे चुन्यानं भरलेत. सकाळीच तर रंगवलीय भिंत.

वालुसिंबी : कोणाला विचारून?

नाक्कू : आत्यानं सांगितलं. उद्या आईचा दुखवटा काढायचा, सगळं कूळ येणार. घरातलं मरण झाडून बाहेर काढायचं, आणि ही कोळशानं बरबटलेली भिंत तशीच ठेवायची?

वालुसिंबी : बरबटलेली! तुझ्या आईचं अक्षर होतं ते.

नाक्कू : माहितेय हो. वर महिना, खाली त्या महिन्यात वाचलेली पुस्तकं. पण आई गेल्यापासून, तीन वर्षं, तुम्ही इथून हलत नाही. आत्या म्हणाली, त्या भिंतीकडे बघून बघून माझा भाऊही जाईल तिच्या मागे.

वालुसिंबी : तुझी आत्या शहाणीच! बघत नव्हतो मी. वाचत होतो.

नाक्कू : भिंत?

वालुसिंबी : पुस्तकं. ती शिकवायची त्या शाळेच्या कपाटातून आणून. अगदी पहिल्या महिन्यापासून, ती वाचत गेली तशी.

नाक्कू : तुम्ही? आई म्हणायची, हा माणूस कॉफीच्या गोणीवरचा शिक्कासुद्धा दुसऱ्याकडून वाचून घेतो.

वालुसिंबी : म्हणू दे. बोट ठेवून वाचतो. तिचा एक महिना मला अख्खी सुगी पुरतो.

नाक्कू : मग कागदावर उतरवून घ्यायचं ना!

वालुसिंबी : भिंत कुठे पळून जाते, म्हटलं.

नाक्कू : मला काय माहीत, बाबा? एका शब्दानं सांगितलं असतंत तर...

वालुसिंबी : कुठल्या तोंडानं सांगू? ती होती तेव्हा कधी विचारलं नाही, काय वाचतेस म्हणून. कंदील मालव म्हणायचो, रॉकेल जळतंय.

नाक्कू : मला सांगायची ती, मटोकेची हिरवी केळी सोलताना. पुष्कळ आठवतात मला. सांगू? एक मासे विकणाऱ्या बाईचं होतं...

वालुसिंबी : ती तुझ्या जन्मानंतरची. मला किसितु गेला तेव्हाची हवीत.

नाक्कू : दादा?

वालुसिंबी : तो रांगायला लागला तेव्हा ही भिंतीवर लिहायला लागली. चालायला लागला नि गोवरानं नेला. मला घरात थांबवेना, गोण्या घेऊन बाजाराला पळालो. परत आलो तर ही इथं, दारामागे. बोलेना, जेवेना, नुसती वाचत होती. त्या महिन्याची नावं पार जमिनीला टेकली होती. मग एक दिवस आपली आपण उठली नि चूल पेटवली.

नाक्कू : मला कधी बोलली नाही हे.

वालुसिंबी : मला तरी कुठे बोलली? कशानं उठली, ते त्यातल्याच एखाद्या पुस्तकात असणार. मलाही उठायचंय गं, पोरी.

नाक्कू : मग तोच महिना आधी का नाही वाचलात?

वालुसिंबी : धीर झाला नाही. म्हटलं, तिच्या मागोमाग जाऊ.

नाक्कू : आणा तो चमचा इकडे. मी खरवडते, अगदी हळू.

वालुसिंबी : बघितलं मी खरवडून. चुन्याबरोबर कोळसाही निघतो.

नाक्कू : बाबा... कुठपर्यंत आला होतात?

वालुसिंबी : आदल्या महिन्यापर्यंत. कालच संपला तो.