दोन अक्षरांची जागा

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा हं. देवाचे आभार मानायचे, तर ओळ काठोकाठ भरायला हवी, की थोडी जागा मोकळी ठेवायला हवी? — अहो, लगेच माना डोलवू नका, आधी ऐका!

कोकणातल्या एका गावात त्र्यंबकशास्त्री राहायचे. देवळासाठी पदांची वही लिहीत होते. विद्वान माणूस, पण अक्षरं बोटांवर मोजायची भारी खोड — जेवताना वरणाचे भुरकेही मोजत असतील!

एका सकाळी चंद्रीच्या खळ्यातून त्यांना गाणं ऐकू आलं. चंद्री उभ्यानं भात कांडत होती. उखळापाशी बसली होती तिची थोरली जाऊ भागी — दोन्ही डोळ्यांनी आंधळी. चंद्री गात होती,

मुठीमुठी भात
आला आम्हां हाती
तुझे गुण गाती
दोघी देवा

शास्त्री खूश! "वा! 'मुठी' दोनदा आल्यानं ओंजळ भरल्यासारखी वाटते. 'हाती-गाती' यमक झकास. सहा-सहा अक्षरं. पण बाई, शेवटी चारच? 'दोघी आम्ही देवा' म्हण. मग वहीत घेतो."

आपलं गाणं देवळाच्या वहीत! चंद्री हरखली. मुसळ उचललं, नवी ओळ धरली. दर दोन अक्षरांना एक घाव. दोघी — धप्! आम्ही — धप्! आणि भागीनं रोजच्या सवयीनं हात उखळात घातला. देवा — अहो, मुसळ खाली येतंय!

चंद्रीनं किंचाळून ते वळवलं. काठावर आदळलं. भागीची बोटं थोडक्यात वाचली.

शास्त्रींना घाम फुटला. "बाई, हात का घातलास?"

"भात वरखाली नको करायला?" भागी म्हणाली. "शेवटच्या ओळीला तिसरा घाव पडत नाय. मुसळ वरच ऱ्हातं, तेवढ्यात मी हात घालते. डोळे गेले तवा समदे म्हणाले, हिला आता काम सांगू नका. ह्या माझ्या जावेनं ओळ आखूड केली न् मला कामाला घेतलं. ती दोन अक्षरं रिकामी नाय, शास्त्रीबुवा. तिथं माझा हात असतो."

भागीचा कोंड्यानं माखलेला हात शास्त्रींनी आपल्या कपाळाला लावला. मग वहीत ओळ होती तशी लिहिली, आणि पुढं दोन अक्षरांची जागा कोरी सोडली.

मंडळी, आज सकाळी तुमच्या पानात भात होता ना? त्यात कुणाकुणाचे हात होते? आणि तुमच्या आभारात त्यांना शिरायला जागा आहे? चला, धरा चाल. 'दोघी देवा' म्हटलं की टाळ थांबवा. त्या शांततेत ज्याचं नाव मनात येईल, त्याला घरी गेल्यावर तसं सांगा.