सावंतकाकींच्या पत्र्यावरची सोलं

सोलकढी समोर आली ना, की मला आमच्या भांडुपच्या चाळीचं छप्पर आठवतं यार. डोंगरावरची चाळ, त्यामुळे आमच्या दारालाच लागून खालच्या ओळीतल्या सावंतकाकींचा सिमेंटचा पत्रा. दर मे महिन्यात आई गावच्या कोकमांची सोलं त्याच्यावरच वाळत घालायची. काकी खालून ओरडायच्या, "गो, थोडी माका पण ठेव!"

परवा चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. पत्रे उतरवायला पांढरे सूट आणि मास्क घातलेली माणसं आली. त्यांचा सुपरवायझर घामाघूम, म्हणून आईने त्याला सोलकढी दिली. मास्क खाली ओढून तो एका दमात प्यायला. "झकास!" म्हणाला, वर आणखी मागितली. मग पत्र्याकडे बोट दाखवून सांगतो, "मावशी, लांब राहा हां. ह्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. धूळ छातीत गेली तर वाट लागते."

आई म्हणाली, "अरे झिला, आता पिलंस ती सोलां ह्याच पत्र्यार सुकवलेली."

तो रिकाम्या ग्लासकडे बघतच राहिला. आईने तो परत भरला.

"पी रे. ही शेवटचीच. टॉवरात सोलां सुकवूक ऊन खंय गावतला?"