बहिऱ्याला ऐकू येईल असा धबधबा

...नाही, पण मी म्हणतो, जावई झाला म्हणून काय सासऱ्याला मोजमापाचं यंत्र करून टाकायचं? अहो, सासरा म्हणजे शेवटी माणूस असतो! त्याला गुडघे असतात! ते गुडघे घेऊन मी तीन दिवसांत चार धबधबे चढलोय, तुम्हाला सांगतो, आणि प्रत्येक धबधब्यासमोर मला उभा करून जावई विचारणार, "बाबा, ऐकू येतोय का?" आणि मी कानामागे हात धरून म्हणणार, "मला काही ऐकू येत नाही बुवा!"

हसू नका. हसलात ते मला ऐकू आलं. हां, तीच तर गंमत आहे... मला ऐकू येतं! सगळं ऐकू येतं. शेजारच्या घरात दूध उतू जायला लागलं की शेजारणीच्या आधी मला कळतं. पण हे आपल्यातच ठेवा, कारण घरात मी गेली अकरा वर्षं ठार बहिरा आहे.

त्याचं असं झालं, मी चौतीस वर्षं कापडाच्या गिरणीत मागावर होतो. दोनशे माग एका छपराखाली, खटाक-खटाक-खटाक, माणूस बोंबलून मेला तरी शेजारच्याला पत्ता लागायचा नाही. म्हणून आम्ही सगळे ओठांनी बोलायचो. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ मोठे करून हलवायचे, समोरचा वाचतो. अहो, लग्न असं जमवलं मी! ही सुताच्या कांड्या भरायला होती, मधे चाळीस माग, मी इकडून ओठ हलवले, "करतेस का माझ्याशी?" तिनं तिकडून हलवले, "विचार करते." सात महिने केला विचार! तर अशा गिरणीतनं माणूस रिटायर झाला की त्याला कोणी विचारतच नाही, बाबा रे, तुझे कान शाबूत आहेत का? सगळे धरूनच चालतात. पहिल्याच आठवड्यात ही म्हणाली, "अहो, पंखा पुसून देता का?" मी पेपर वाचत होतो. मान वर केली नाही. केली नाही म्हणजे कंटाळा आला, दुसरं काही नाही. तर ही कपाळाला हात लावून म्हणते, "अगं बाई, यांचे कान गेले!" आणि स्टुलावर चढून पंखा तिनंच पुसला. आता तुम्हीच सांगा, एवढं आयतं चालून आल्यावर कोण नको म्हणेल?

कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं कानांवर डबे चढवले, हातात बटण दिलं. "आजोबा, टूं ऐकू आलं की दाबायचं हं." टूं... टूं... टूंऽऽ... मी आपला बटणाकडे बघतोय, छान लाल बटण होतं. डॉक्टर हिला हळूच म्हणाला, "कठीण आहे." मीसुद्धा मान हलवली, की हो, कठीणच आहे! कोणाच्या लक्षात आलं नाही. नाही म्हणजे मला तसं वाटलं.

सोपं नाही हो हे बहिरेपण. मी समोर बसलेलो असताना ही शेजारणीला खुशाल सांगते, "मला पोस्टातला सांगून आला होता. उंच होता. मी या बुटक्याला हो म्हटलं." किंवा म्हणते, "झोपेत गातात हे. तेही बेसूर." आता बेसूर? मी? काय काय उत्तरं जिभेच्या टोकावर येतात, आणि सगळी गिळायची! पण आतल्या आत मी खूश. बोल बाई, तुला काय ठाऊक तू कोणासमोर बोलतेयस!

तर जावई. जावई सिनेमासाठी आवाज पकडतो. डोक्यावर हेडफोन, हातात लांब काठी, काठीच्या टोकाला केसाळ माईक, बांबूला मांजर बांधल्यासारखा दिसतो. मी त्याला कानसेन म्हणतो. पोरगा गुणी. आधी सभांमधून "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" करायचा, आता पहिल्यांदा मोठा सिनेमा मिळाला, आणि डायरेक्टर भेटला तो असला! सीन काय, तर हिरॉईन धबधब्यापाशी उभी राहून हिरोला जीव तोडून खरं काय ते सांगते, आणि दहा पावलांवरच्या त्या ठोंब्याला अक्षर ऐकू येत नाही. म्हणजे आवाज तसा पाहिजे की नाही? जावयानं सहा धबधबे पकडून नेले. डायरेक्टर डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "नळ उघडा राहिलाय कोणाचा तरी." दुसऱ्याला म्हणाला, "काहीतरी तळतायत." सहावा अर्धाच ऐकला आणि उठला, "थांबा, मी बाथरूमला जाऊन येतो." येऊन सांगितलं, सोमवारी सकाळपर्यंत आणा, नाहीतर माझ्याकडे दुसरा माणूस आहे.

गुरुवारी जेवताना जावयाचा घास हातातच राहिला. माझ्याकडे टक लावून बघतोय. मला वाटलं मिशीला काही लागलंय. तर हिला म्हणतो, "आई! बाबांना जो धबधबा ऐकू येईल ना, तोच खरा!"

ऐकलंत? आणि हे सगळं माझ्या समोर, जसा काही मी पाण्याचा पिंप आहे!

शुक्रवारी निघालो. जावई गाडी चालवतोय, ही पुढं, मी मागं, माझ्या मांडीवर केसाळ मांजर. आवाज मोजायचं खरं यंत्रही होतं त्याच्याकडे, आकडे दाखवणारं, ते पहिल्याच धबधब्यावर पाण्यात पडलं. कोणाच्या हातून पडलं ते विचारू नका. झालं, आता यंत्र एकच उरलं, गुडघेवालं. हा पहिला धबधबा रस्त्याकाठचा, लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढत होते आणि आरामात गप्पा मारत होते. धबधबा कसला, म्हातारपणी होते ती तक्रार! जावयानं विचारलं, खुणांनी. मी म्हटलं, "कुठंय धबधबा? मला काही ऐकू येत नाही बुवा!"

शनिवारी सकाळी दुसरा. तो बरा होता, पण मला चढवला होता दीड तास, त्याचा राग होताच. "मला काही ऐकू येत नाही बुवा!" दुपारी तिसरा. आता खरं सांगतो, तिसरा चांगला दणकट होता. छाती भरून येईल असा. पण जावई इतक्या आशेनं बघत होता, आणि मला काय अवदसा आठवली... मी कान पुढं केला, इकडून केला, तिकडून केला, डोळे बारीक केले, आणि म्हटलं, "मला..."

तुम्हीच म्हणा आता पुढचं. हां. तेच म्हणालो.

जावयानं काठी आवरली, मांजर पिशवीत भरलं. संध्याकाळी लेकीचा फोन आला. हिला फोन कानाला लावता येत नाही, तिचा फोन कायम स्पीकरवर. मी शेजारीच बसलेलो. लेक म्हणते, "आई, यानं आत्ताच माईक विकायची जाहिरात लिहून पाठवलीय मला. म्हणतो, बाबांनासुद्धा ऐकू जात नाही, माझ्यातच काही राम नाही. पुन्हा सभांमध्ये हॅलो हॅलो करतो म्हणतोय. आई, तो रडत होता गं."

मी समोर. मला काही ऐकू येत नाही. मी खिडकीबाहेर बघत बसलो. असं वाटलं, उठावं आणि सांगावं, अरे गाढवा, तिसरा फर्स्टक्लास होता! पण कुठल्या तोंडानं? सांगितलं की अकरा वर्षांचे पंखे एकदम पुसायला लागणार. तरी ठरवलं, उद्या जो मिळेल त्याला हो म्हणायचं, नळ असला तरी.

रविवारी सकाळी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. जावई बाहेर, हेडफोन लावून वाऱ्यात काठी फिरवतोय, रडवेला. मी उतरून पाय मोकळे करत होतो. तेवढ्यात एक शेळ्या राखणारा म्हातारा आला. त्याची एक शेळी डावीकडच्या पाऊलवाटेनं निघाली, तर तो पुटपुटला, शेळीशी हां, माणसाशी नाही, "इकडं ये गं बये, वर नको. त्या गडगड्यापाशी जाशील आणि दूध चोरशील माझं."

तुम्हाला सांगतो, अंगावर काटा आला! ज्याच्या आवाजाला भिऊन शेळी दूध आखडून धरते तो धबधबा! पण सांगू कसा? बहिऱ्यानं पुटपुटणं ऐकलं कसं? जावई हेडफोनमध्ये, ही गाडीत. मी पोटावर हात ठेवला आणि ओरडलो, "जावईबापू! पोटात गडगडतंय!"

तो घाबरला. खुणांनीच विचारलं, "बाबा, आडोसा बघू का?"

"अहो ते गडगडणं नव्हे! जमिनीतनं येतंय! डावीकडनं! चला!"

जावई माझ्याकडे असा बघायला लागला, जसा काही मी साधू. चढलो. दोन तास. हीसुद्धा आली, गुडघे माझेच दुखतात, हिचे कधी दुखत नाहीत. आणि वळण घेतलं, आणि... काय सांगू! पाणी पडत नव्हतं हो, डोंगर पडत होता! दोनशे माग नाही, दोन हजार! दात वाजायला लागले, चष्मा नाकावरून घसरायला लागला. जावई तोंड उघडून काहीतरी ओरडतोय आणि त्याचं त्यालाच ऐकू येत नाही. मी दोन्ही हात वर केले आणि बोंबललो, "आऽऽलाऽऽ! ऐकू आऽऽलाऽऽ!" अक्षर पोचलं नसेल त्याला, पण मी नाचलो ते त्याला दिसलं.

पण थांबा. त्यानं मांजर पुढं धरलं, पाच मिनिटं पकडलं, मागं खडकाआड येऊन ऐकलं, मला ऐकू येतंय का बघायला हेडफोन माझ्याही कानांवर दाबला... आणि काय? तळण! तेच तळण! एवढा डोंगर पडतोय आणि पेटीत नुसतं स्स्स्स! त्याचे डोळे भरले. तेव्हा मला गिरणी आठवली. मागाचं दुखणं मागाजवळ कधी कळत नाही, सगळा खडखडाट वरवरचा. खांबाला तळहात लावायचा, जिथं ठोका हाताला लागतो तिथं खरा आवाज. मी खडक चाचपत निघालो. थंड, ओले, मुके खडक. आणि बाजूला, पंचवीस पावलांवर, एक पोकळ कपार. हात लावला आणि खांद्यापर्यंत हादरलो. धम्म... धम्म... धम्म! खेचून आणला त्याला, मांजर त्या कपारीच्या तोंडाशी धरायला लावलं. त्याचा चेहरा बघायला पाहिजे होतात! त्यानं नुसता अंगठा वर केला.

तो पकडत बसला. मी एका दगडावर, ही वीस पावलांवर समोरच्या दगडावर, मधे सगळा गडगडाट. एकदम बघतो तर हिचे ओठ हलतायत. मोठे मोठे. गिरणीसारखे.

"शेळीवाला काय म्हणाला ते मीपण ऐकलं. गाडीची काच खाली होती."

आणि मी काय केलं? ठोंब्या मी! चौतीस वर्षांची सवय! माझे ओठ आपोआप हलले, "हळू बोल, जावई ऐकेल!"

ती हसली. अशी हसली, जशी चाळीस मागांपलीकडून हसली होती. "पोटात गडगडतंय म्हणे!"

"तुला कधीपासून माहिताय?"

"डॉक्टर 'कठीण आहे' म्हणाला तेव्हा मान कोणी हलवली?"

अकरा वर्षं! अकरा वर्षं मी हिला बनवतोय, आणि... "मग बोलली का नाहीस?"

"कशाला बोलू? दुसऱ्या बायका नवऱ्याच्या पाठीमागे बोलतात. मी तोंडावर बोलते, आणि उलट उत्तर येत नाही. असं सुख कोणाला आहे? पंखा पुसला म्हणून काय झालं!"

"म्हणजे तो पोस्टातला..."

"कसला पोस्टातला! तुमचा चेहरा कसा होतो ते बघायला सांगायचे."

सोमवारी मला पण नेलं, यंत्र म्हणून. डायरेक्टरनं डोळे मिटले. जावयानं आवाजाची खुंटी फिरवली. धम्म! टेबलावरचा पाण्याचा ग्लास चालायला लागला, शप्पथ, स्वतःच्या पायांनी! डायरेक्टरच्या माणसानं दार उघडून काहीतरी विचारलं, कोणालाच ऐकू गेलं नाही, तो बिचारा ओठ हलवत उभा. मला वाचता आलं, "चहा किती?" मी चार बोटं दाखवली. डायरेक्टर उठला, जावयाला मिठी मारली, पुढच्या दोन सिनेमांचं काम तिथल्या तिथं दिलं! मग माझ्याकडे बोट केलं, "हे कोण?" जावयाचा ऊर भरून आला. "हे माझे सासरे. यांनी शोधला. यांना अजिबात ऐकू येत नाही." डायरेक्टरनं मला हात जोडले! सिनेमाच्या शेवटी नावं येतात ना, त्यात माझंही टाकणार आहेत. विशेष कान, म्हणून. लेकीनं फोनवर आनंदानं जी किंकाळी फोडली ती, सांगतो, तिसऱ्या धबधब्यापेक्षा मोठी होती.

जिंकलो हो आपण! सरळ जिंकलो! आणि आता मला जन्मभर बहिरं राहायलाच पाहिजे, कारण माझं नाव छापून येणार आहे. ही शेजारणीला रोज नवीन नवीन स्थळं सांगते, परवा एक कप्तान काढला, जहाजावरचा! मी समोर, गप्प. एवढंच असतं तर चाललं असतं. पण त्या धबधब्यानं तिला आमची जुनी भाषा आठवून दिली ना...

ती बघा, खिडकीत आली. तुम्हाला काही ऐकू आलं? नाही ना? कसं येईल, नुसते ओठ हलतायत. मोठे मोठे. "पं... खा..." आणि मी आंधळा आहे असं काही मी अकरा वर्षांत कोणाला सांगितलेलं नाही. ते स्टूल जरा इकडं सरकवता का?